मीटिंग दोन तास, खरं बोलणं टपरीवर

ताई,

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, प्लॅनिंग बघते. कास्टिंग आणि मशीनिंग दोन्ही आहे. धाकट्या साहेबांनी गेल्या दिवाळीपासून शनिवारची आढावा मीटिंग माझ्याकडं दिली आहे. अकरा जण असतात. पाचला सुरू होते, सात वाजले तरी संपत नाही. पहिला तास प्रत्येक डिपार्टमेंट स्लाइडवरचे आकडे वाचून दाखवतं. मग वर्क्स मॅनेजर बोलतात. त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांचा अनुभव माझ्या वयाएवढा आहे. ते बोलले की विषय संपला. बाकीचे "बघतो", "हुतंय की" म्हणून उठतात.

जुलैत हाउसिंग नावाच्या एका पार्टमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या वाफेची भोकं, यायला लागले. तीन शनिवार त्यावर बोललो. वाळू झाली, मेटलचं टेंपरेचर झालं. क्वालिटीवाल्याकडं तर नोंद होती की खराब पीस जास्त करून सकाळच्या हीटचे, म्हणजे सकाळी वितळवलेल्या धातूचे, आहेत. शेवटी कारण कळलं गेटबाहेरच्या टपरीवर, कोअर शॉपच्या सुपरवायझरकडून. (कोअर म्हणजे पार्ट आतून पोकळ राहावा म्हणून मोल्डमध्ये ठेवायचा वाळूचा गाभा.) नवीन पॅटर्न ठेवायला जागा हवी म्हणून कोअरचं रॅक शटरजवळ सरकवलं होतं. रात्रभर पावसाची ओल लागायची आणि सकाळी तेच ओले कोअर मोल्डमध्ये जायचे, त्या ओलीची वाफ व्हायची. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला म्हाईत आसंल." तीन शनिवार तो माझ्यासमोर बसला होता, ताई.

मी कुठं कमी पडते? चहा मीच सांगायचा, मिनिट्स मीच लिहायचे आणि मीटिंगही मीच चालवायची, हे जमत नाही. आणि मिनिट्स मराठीत लिहिले तर चालतात का?

— शिरोलीची एक वाचक

नमस्कार,

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत आसंल" हे वाक्य तुम्ही स्वतःच्या अपयशाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दिसतं.

जुलैतल्या त्या तीन शनिवारी खोलीत काय काय हजर होतं ते मांडून बघा. क्वालिटीवाल्याला माहीत होतं की खराब पीस सकाळचे आहेत. फर्नेसवाल्याला माहीत होतं की सकाळी टेंपरेचरमध्ये काही गडबड नसते. कोअर शॉपच्या माणसाला माहीत होतं की रॅक हललंय. तिघांचं एकत्र आलं असतं तर पहिल्याच शनिवारी दहा मिनिटांत विषय मिटला असता. तिघं एका टेबलाला बसले आणि तिघांची माहिती तीन डोक्यांतच राहिली. माणसांना कामावरून उठवून एका खोलीत बसवण्याचं खरं कारण एवढंच असतं, की जे एकालाच ठाऊक आहे ते निर्णयाच्या आधी सगळ्यांसमोर यावं. आकडे ग्रुपवर पाठवता येतात, सूचना फोनवर देता येतात. हे मात्र समोरासमोर बसूनच होतं, आणि तुमच्या मीटिंगमध्ये नेमकं हेच होत नाही.

यात तुमचा किंवा त्या सुपरवायझरचा स्वभावदोष शोधू नका. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली विद्यार्थ्यांच्या चार-चार जणांच्या गटांना एका निवडणुकीसाठी उमेदवार निवडायला सांगितलं होतं. माहिती अशी वाटली होती की चौघांची एकत्र केली तर एक उमेदवार उघड सरस ठरावा, पण एकेकाच्या हातातल्या कागदावरून तो तसा दिसू नये. गटांनी चर्चा केली आणि बहुतेकांनी दुसराच उमेदवार निवडला. सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलणं फिरत राहिलं. ज्याच्या एकट्याकडं काही होतं त्यानं ते काढलं नाही, किंवा काढलं तरी कुणी उचललं नाही. असं का होतं हे आपल्यालाही कळण्यासारखं आहे. सगळ्यांना माहीत असलेलं बोललं की चार माना डोलतात, माणसाला बरं वाटतं. एकट्यालाच माहीत असलेलं बोललं की खोली गप्प होते आणि वाटतं, आपण काहीतरी भलतंच बोललो. म्हणून माणसं आपोआप बोलतील याची वाट बघून उपयोग नाही. मीटिंगची रचनाच अशी करायला लागते की ते बाहेर यावं.

सुरुवात काढून टाकण्यापासून करा. अकरा माणसं, दोन तास, म्हणजे आठवड्याला बावीस तास. आठ तासांच्या जवळजवळ तीन पाळ्या झाल्या या. त्यातला निम्मा वेळ आकडे वाचण्यात जातो. प्रॉडक्शन, रिजेक्शन, डिस्पॅच, थकलेल्या ऑर्डरी हे सगळं एका पानावर घ्या आणि आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाका. कुणी वाचून येणार नाही, ही तुमची शंका रास्त आहे. म्हणून तेच पान छापून टेबलावर ठेवा आणि पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाचायची. सुरुवातीला अवघड वाटेल, चुळबूळ होईल. तिसऱ्या खेपेपर्यंत लोक पेन घेऊन वाचायला लागतात. आणि स्लाइड बंद करा, अगदी पूर्ण बंद. स्लाइड लागली की दिवे मंद होतात, माना एका भिंतीकडं वळतात आणि बोलण्याचा हक्क रिमोटवाल्याकडं जातो. शिवाय तुमच्या स्लाइड इंग्रजीत असणार. फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करणाऱ्या विभागाचा) किंवा कोअर शॉपचा सुपरवायझर इंग्रजी तक्त्यावर बोट ठेवून "हे चुकीचं आहे" म्हणणार नाही. मराठीत बोलायचं, पांढऱ्या बोर्डवर मराठीत लिहायचं. हिंदीत मोकळं बोलणारा कुणी असेल तर त्याचं हिंदीत ऐकायचं.

वेळही बदला. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माणसाचं अर्धं मन घरी पोचलेलं असतं. पहिल्या पाळीचा सुपरवायझर तीनला सुटूनही थांबलेला, दुसऱ्या पाळीचा लाइन सोडून आलेला. आठवड्याच्या मधला दिवस घ्या, बुधवार समजा. पाळीचा हँडओव्हर संपला की साडेतीनला, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं आवारात सापडतात. पन्नास मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. जो पाळी संपवून थांबतो त्याचा तेवढा वेळ ओव्हरटाइममध्ये धरला जाईल हे साहेबांकडून आधी लेखी घ्या. हे छोटं वाटेल, पण फुकट थांबवलेला माणूस घड्याळाकडं बघत बसतो, तोंड उघडत नाही. उघडलं तर मीटिंग लांबेल ही भीती.

रोजच्या कुरबुरी या बुधवारच्या मीटिंगमध्ये आणू नका. त्यांच्यासाठी पाळी बदलताना बोर्डापाशी उभ्या उभ्या दहा मिनिटं पुरतात. काय अडलं, कोण सोडवणार, संपलं.

आता विषयपत्रिका. तुमच्याकडं "रिजेक्शन", "डिस्पॅच", "मेंटेनन्स" अशी यादी असणार. अशा एकेका शब्दावर माणूस कितीही वेळ बोलू शकतो आणि कुठंही पोचत नाही. त्याऐवजी प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर मीटिंग संपताना देता आलं पाहिजे. "हाउसिंगचा पुढचा लॉट शुक्रवारी ओतायचा, की कोअर आधी ओव्हनला लावून सोमवारी?" "दुसऱ्या पाळीला एक फेटलर वाढवायचा, की ग्राइंडिंगचं काम बाहेर द्यायचं?" बुधवारी असे दोन प्रश्न पुरे, फार तर तीन. प्रत्येक प्रश्नासमोर एक नाव लिहा: निर्णय कोण घेणार. काका घेणार असतील तर काका, साहेब असतील तर साहेब. सगळ्यांनी मिळून ठरवू, असं लिहिलं की शेवटी कुणीच ठरवत नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आठवा. विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर"चा गजर होतो आणि काय मंजूर झालं हे मागच्या रांगेला घरी गेल्यावर कळतं. तुमच्या "हुतंय की" मध्ये आणि त्या "मंजूर"मध्ये फारसा फरक नाही.

प्रश्न ठरले की माणसं ठरतात. ज्याच्याकडं या प्रश्नाबद्दलची माहिती आहे, ज्याच्यावर निर्णयाचं काम पडणार आहे आणि जो निर्णय घेणार आहे, एवढेच. बहुतेक वेळा सहा-सात जण होतात. एखाद्याचा संबंध एकाच प्रश्नाशी असेल तर तो प्रश्न पहिला घ्या आणि त्याला मोकळा करा. पण इथं आपल्या भागातली एक गोष्ट सांभाळा, ती म्हणजे मान. "मला बोलावलं न्हाई" हे आपल्याकडं वर्षभर लक्षात राहतं. ज्यांना वगळताय त्यांना यादीतून गुपचूप काढू नका. त्यांच्या जागेवर जाऊन सांगा: "या बुधवारी तुमच्या डिपार्टमेंटचा विषय नाही, म्हणून तुमचा तास वाचवते. प्रश्न हे आहेत. काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, मी तिथं मांडते. तरी यावंसं वाटलं तर खुर्ची आहे." कोअर शॉप, फेटलिंग, पॅटर्न स्टोअर इथला माणूस मात्र रिजेक्शनच्या प्रश्नाला वगळू नका. आपल्या हुद्द्याच्या क्रमात तो सगळ्यात खाली असतो, आणि दोष सगळ्यात आधी त्याच्याच हाताला लागतो. जपानमध्ये १९६२ पासून क्वालिटी सर्कल, म्हणजे कामाच्या जागीच दोष शोधणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली, काओरू इशिकावांनी ती चळवळ वाढवली, ती याच विश्वासावर. भारतात १९८० साली हैदराबादच्या भेल कारखान्यात पहिलं क्वालिटी सर्कल सुरू झालं. तुमच्याकडं ग्राहकाला पाठवायच्या रिपोर्टात कारणांचा जो फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखा तक्ता, काढता तो इशिकावांचाच. तो क्वालिटीच्या केबिनमध्ये एकट्यानं भरायचा कागद नव्हता. जागेवरच्या माणसांनी मिळून भरायचा होता.

मंगळवारी अर्धा तास काढून शॉप फ्लोअरवर फिरा. माझ्या मते या सगळ्यात तुमचा सगळ्यात जास्त फायदा इथं होईल. वही घेऊ नका. प्रत्येकाला एकच विचारा: "या आठवड्यात तुमच्याकडं काय बदललं?" "काही अडचण?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "न्हाई मॅडम, सगळं बरोबर." आपल्या कामात अडचण आहे हे कुणाला कबूल करायचं नसतं. बदल सांगायला मात्र कुणी लाजत नाही. "रॅक हलवलं." "बाइंडरचा नवीन ड्रम उघडला." "लॅडलचं अस्तर काल केलं." "नवीन पोरगा घेतलाय." काल नव्हता आणि आज आला असा दोष बहुतेक वेळा कशाच्या तरी बदलातूनच येतो. तुमचं रॅक या एका प्रश्नाला पहिल्या आठवड्यात सापडलं असतं. आणि ज्याच्याशी तुम्ही मंगळवारी त्याच्या मशिनापाशी बोललात, त्याला बुधवारी खोलीत म्हणता येतं, "तुम्ही काल रॅकचं सांगितलंत, ते सगळ्यांना सांगा." नुसतं "बोला की" म्हटल्यावर जो गप्प बसतो, तो अशा वेळी बोलतो. काय बोलायचं आणि ते ऐकलं जाणार आहे, दोन्ही त्याला आधी कळलेलं असतं.

खोलीतल्या पन्नास मिनिटांत एक शिस्त पाळा: आधी लिहायचं, मग बोलायचं. प्रश्न बोर्डवर लिहा, प्रत्येकाला कोरा कागद द्या, चार मिनिटं शांतता. मग फेरी. प्रत्येकानं कागदावरची एकच गोष्ट सांगायची, तुम्ही ती त्याच्याच शब्दांत बोर्डवर लिहायची आणि पुढच्याकडं जायचं. फेरी पूर्ण होईपर्यंत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. मग दुसरी फेरी. कागद रिकामे झाले की चर्चा. ही पद्धत अमेरिकेत आंद्रे डेल्बेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ साली नीट मांडली. त्यामागं आधीचा एक अनुभव होता. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्या तर जवळजवळ दुप्पट भरतात. पुढं १९८७ मध्ये मायकल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबलेले असतात, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. तुमच्या खोलीत तर एकच माणूस तासभर बोलतो, मग बाकीच्यांचं किती निसटत असेल. ज्याला लिहायला अवघड जातं त्याला चारचौघांत कागद पुढं करू नका. त्याचा मुद्दा मंगळवारीच ऐकून ठेवा आणि फेरीत त्याला तोंडी सांगू द्या.

फेरी हुद्द्यानं सगळ्यात लहान असलेल्यापासून सुरू करा. काका त्यात शेवटून दुसरे, साहेब सगळ्यात शेवटी. साहेब एकदा बोलले की पुढचं सगळं बोलणं साहेबांना पटवून घेण्याचं होतं.

काकांशी हे कसं करायचं, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांना अडवू नका. तो त्यांचा अपमान ठरेल, आणि उरलेले दहा जण त्यांच्या बाजूचे होतील, व्हायलाही हवेत. कोल्हापूरचा हा धंदा उभा राहिला तो उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या हातांवर. ऑइल इंजिनाचे सुटे भाग ओतता ओतता शिकलेली माणसं ती, कॉलेजच्या पायऱ्या न चढलेली. काका त्या परंपरेतले असतील तर मेटलचा रंग बघून ते जे सांगतात ते तुमच्या कुठल्याही शीटवर सापडणार नाही. म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये जा, बसा आणि सरळ सांगा: "काका, तुम्ही आधी बोललात की पोरं पुढं तोंड उघडत नाहीत. तुमच्या शब्दावर शब्द टाकायचं धाडस कुणाला होत नाही. जुलैत रॅकचं त्याला माहीत होतं, तरी तो बोलला नाही. तुम्ही शेवटी बोललात तर आम्हाला त्यांचंही कळेल आणि तुमचंही." आणि त्यांना एक काम द्या, नुसतं गप्प बसायला सांगू नका. बोर्डवर दहा कारणं लिहून झाली की यातली कुठली दोन आधी तपासायची, हे काकांनी सांगायचं. अनुभवाची खरी गरज तिथं असते. तरीही मध्येच ते सुरू झाले, आणि सवयीनं होतील, तर त्यांचा मुद्दा बोर्डच्या कोपऱ्यात लिहा आणि म्हणा, "काका, हे इथं घेतलं. फेरी संपली की पहिलं हेच." आणि फेरी संपल्यावर खरंच पहिलं तेच घ्या. एकदा जरी विसरलात तरी कोपऱ्यात लिहिणं म्हणजे गप्प करणं, असा अर्थ होईल.

साहेबांशीही बोला, मीटिंगच्या आधी आणि एकटीनं. दोन गोष्टी मागा. पहिली: मीटिंग तुम्ही चालवणार आणि वेळही तुम्हीच सांभाळणार, हे त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगायचं. ते साडेतीनला आले नाहीत तरी सुरू होईल, हेही त्यांच्याच तोंडून यायला हवं. त्यांनी दिलेला अधिकार खोलीतल्या कुणी ऐकलेलाच नसेल तर तो तुम्ही रोज नव्यानं मागत बसाल. दुसरी: कुणी चूक किंवा गडबड सांगितली तर त्या खोलीत त्याच्यावर आवाज चढणार नाही. रॅक सरकवणाऱ्याला त्या दिवशी झापलं असेल तर पुढच्या पावसाळ्यात काय सरकलं हे कुणी सांगणार नाही.

इथं साहेबांना एक गोष्ट आधीच कानावर घालून ठेवा. मीटिंग सुधारली की सुरुवातीला बोर्डवर तक्रारी वाढलेल्या दिसतील. एमी एडमंडसन या अमेरिकन अभ्यासक; त्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका अभ्यासल्या. ज्या वॉर्डांत कामाचं वातावरण जास्त चांगलं होतं, तिथंच चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. त्याचं कारण त्यांना असं दिसलं की तिथली माणसं चुका लपवत नव्हती. तुमच्याकडंही पहिल्या महिन्यात हेच दिसेल, आणि साहेब म्हणतील, "आधी एवढे प्रॉब्लेम नव्हते." आधीही होते, फक्त गेटबाहेर होते. हे तुम्ही आधी सांगितलेलं असेल तर त्यांचा धीर टिकेल.

सगळ्यांनी झटकन "हो" म्हटलं तर तिथं थांबा. दोन मिनिटं द्या आणि विचारा, "समजा दिवाळी झाली आणि हा निर्णय फसला. कशामुळं फसला असेल?" विरोध करायला जो बिचकतो तो या प्रश्नाला उत्तर देतो. साहेबांना कुणी नाही म्हटलेलं नसतं, एका कल्पनेतल्या दिवाळीबद्दल बोललेलं असतं.

निर्णय झाला की तो बोर्डवर चार रकान्यांत उतरवा: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झालं हे कशावरून समजायचं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "कोअरची काळजी घेणे" हे काम नव्हे. "रॅक शटरपासून आत, भिंतीलगत. सकाळच्या हीटआधी क्वालिटीवाल्यानं बघून बोर्डवर टिक करायची" हे काम. "बघतो" म्हणणाऱ्याला हसून विचारा, "बघतो म्हणजे गुरुवारी काय दिसेल मला?" एका कामाला एकच नाव. दोघांवर टाकलेलं काम दोघांकडूनही राहून जातं. मीटिंग संपल्या संपल्या बोर्डचा फोटो ग्रुपवर टाका, आणि पुढच्या बुधवारी वाचन झालं की आधी तोच फोटो समोर ठेवा. काय झालं, काय नाही, नाही तर का. पाच मिनिटं. हे सलग चार-पाच आठवडे चुकलं नाही तर "हुतंय की" आपोआप कमी होईल.

काही निर्णय तर मीटिंगपर्यंत यायलाच नकोत. आपल्याला ते पंचगंगेनं शिकवलंय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. आकडा गाठला की कुणी सभा बोलावत नाही. कुणी काय करायचं ते आधी ठरलेलं असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा तुमच्या भागातल्या कारखान्यांनीही हे सगळं जवळून बघितलंय. तुमच्या रिजेक्शनलाही अशा दोन पातळ्या ठरवा. पहिली गाठली की पाळीच्या सुपरवायझरनं क्वालिटीला फोन करायचा. दुसरी गाठली की त्या पार्टचं ओतणं थांबवायचं, साहेबांना विचारायचं नाही, फक्त कळवायचं. आकडे काय असावेत हे काका आणि क्वालिटीवाल्यानं मागच्या सहा महिन्यांची नोंद बघून ठरवू दे, प्रत्येक पार्टचे वेगळे निघतील. हे एकदा ठरलं की तीन शनिवार चर्चा करत राहण्याची वेळ येणार नाही, कारण पहिल्याच आठवड्यात ओतणं थांबेल आणि सगळे कारण शोधायला धावतील.

कारण शोधायची बैठकही बुधवारच्या आढाव्यात घुसवू नका. ती वेगळी घ्या, चौघा-पाचांची, शक्य तर खराब पीस टेबलावर ठेवून, नाही तर सरळ रॅकपाशी उभं राहून. खोलीत बसून ब्लो होलची चर्चा केली की माणसं आठवणीतून बोलतात. जागेवर गेलं की शटरच्या फटीतून आत आलेलं पाणी दिसतं.

आता चहा आणि मिनिट्स. यावर मला राग आलाय, आणि तो तुमच्यावर नाही. जो मीटिंग चालवतो त्याचं लक्ष माणसांच्या चेहऱ्यावर असायला लागतं. कोण बोलता बोलता थांबला, कोण काकांकडं बघून गप्प झाला, हे वहीत डोकं घालून दिसत नाही. मिनिट्स दुसऱ्या कुणाला द्या, दर आठवड्याला आळीपाळीनं, आणि त्या पाळीत पुरुषही येऊ देत. त्याला पानंच्या पानं लिहायची नाहीत, फक्त ते चार रकाने उतरवायचे. चहाचं कँटीनला कायमचं सांगून ठेवा: बुधवारी चार वीसला, म्हणजे मीटिंग उठल्यावर. मध्येच कुणी "मॅडम, चहा सांगा की" म्हटलं तर कारण देत बसू नका. "चार वीसला येतोय" म्हणा आणि पुढचा प्रश्न घ्या. तुम्हाला मध्येच तोडलं तर आवाज न चढवता "माझं वाक्य पूर्ण करते" एवढं म्हणा आणि पूर्ण करा. हे साहेबांच्या देखत दोन-तीनदा झालं की पुरे होतं. आणि साहेब तुमच्या बाजूनं एकदाही बोलले नाहीत, तर मीटिंग चांगली न होण्याचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका. त्यांना तसं सांगा, लेखी सांगा.

हे सगळं एकाच बुधवारी करायला जाऊ नका. आधी मंगळवारची फेरी, छापील पान आणि लिहून मग बोलण्याची फेरी, एवढंच घ्या. पातळ्या आणि माणसं कमी करणं महिन्याभरानं. साहेबांकडून आठ बुधवार मागून घ्या आणि नवव्या बुधवारी टेबलाभोवती सगळ्यांना दोनच गोष्टी विचारा: काय ठेवायचं, काय सोडायचं. इथंही काका शेवटून दुसरे.

मिनिट्स मराठीत चालतात. आयएसओ किंवा आयएटीएफच्या (वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाच्या) ऑडिटला मीटिंगची नोंद लागते, पण ती इंग्रजीतच हवी अशी अट नाही. ती वापरणाऱ्यांना समजली पाहिजे, आणि तुमच्याकडं ती वापरणारा कोअर शॉपचा सुपरवायझर आहे. एखाद्या ग्राहकानं इंग्रजीच मागितली तर त्याच्यापुरती प्रत वेगळी करा. वर तारीख आणि हजर माणसांची नावं, खाली चार रकाने, एक पान. बोर्डाचा फोटो ग्रुपवर असतोच, पण हे पान नोटीस बोर्डावर लावा आणि दुसऱ्या पाळीलाही वाचायला मिळेल असं बघा.